कॅराव्हॅन पाळावी कशी? : उजनीकाठचे काही धडे

‘‘तुमच्याकडे कॅराव्हॅन आहे? म्हणजे ती शूटिंगवाल्यांची व्हॅनिटी व्हॅन का गं?’’

होस्टेलवर आल्यापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला, की मराठी विभागाच्या सरांनी ‘‘मग त्यावरच लिही की’’ असं म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. मित्र-मैत्रिणींनो, आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीचा तास म्हणजे आमचा डबा खायचा तास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सरांनी तपासलंय, आकडेमोड मात्र माझी आहे. आकडे चुकले तर मला पकडा, सरांना नको.

तर आमची व्हॅन कोणत्याही शोरूममधून आलेली नाही. काकांचा सोलापुरात टुरिस्ट गाड्यांचा धंदा होता. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा ट्रिपा चालायच्या. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं ठप्प. दोन गाड्या विकल्या, तिसरीला भाव येईना. तेरा सीटची ती गाडी दीड वर्ष अंगणात उभी होती, तिच्याखाली आमच्या मांजरीची दोन बाळंतपणं झाली. शेवटी २०२२ मध्ये पप्पा आणि काकांनी ठरवलं, हिचंच घर करायचं. सगळ्यांना कारण सांगितलं ‘वीकेंडला फिरायला’. खरं कारण आजी.

आजी करमाळा तालुक्यातली. भीमेकाठच्या ज्या गावात ती लग्न होऊन आली, ते गाव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, गाव त्याच्या आधीच उठलं. नव्या गावठाणाला नाव जुनंच मिळालं, जागा तेवढी बदलली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, आणि दरवर्षी गावाकडून कोणाचा तरी फोन येतो, ‘‘औंदा दिसायलंय बघा.’’ आजीला एकदा जाऊन बघायचं होतं. पण दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसता येत नाही, कमोड लागतो, दोन-अडीच तासांनी आडवं व्हावं लागतं. धरणाच्या काठावर कमोड कुठून आणणार? म्हणून कमोड बरोबर घेऊन जायचा असं ठरलं. आमच्या कॅराव्हॅनचं डिझाइन असं कमोडपासून सुरू झालं!

कायद्याचं आधी उरकते, कारण बरेच जण इथेच गडबड करतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. आधी बदलू, मग दाखवू, हे चालत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं स्टँडर्डसुद्धा आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय (सीटचाच बेड होत असेल तरी चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं एवढं गाडीत पक्कं बसवलेलं पाहिजे. म्हणजे मागे गादी टाकली आणि शेगडी ठेवली की झाली कॅराव्हॅन, असं नाही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या २००४ च्या यादीप्रमाणे बिगर-वाहतूक गटात मोडते, म्हणून पिवळी पाटी जाऊन पांढरी आली. सुतारकामाला आमचे दोन महिने गेले आणि कागदांना पाच.

वजन, म्हणजे आईचा ओटा

गाडी तयार झाल्यावर आम्ही तिला हायवेवरच्या धर्मकाट्यावर नेली. (कारखान्याच्या काट्यावर का नाही, हे ऊसवाल्यांच्या मुलांना विचारा. ते हसतील.) काट्यावर गाडी तीनदा घ्यायची : एकदा फक्त पुढची चाकं, एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची चाकं. एवढ्यावरून प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती भार आहे ते कळतं. पावती बघून काका गप्प झाले. आरसीवर गाडीचं भरलेलं वजन जास्तीत जास्त ३५०० किलो. आमची गाडी टाकी भरून, पण माणसं न बसवता, ३३८० भरली. आम्ही पाच जण मिळून ३२० किलो. म्हणजे ३७०० झाले, दोनशे किलो जास्त!

आता दोनशे किलो गेले कुठे? आईने हट्टाने काळ्या ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला होता. दीड मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, १८ मिलिमीटर जाड. ग्रॅनाइटची घनता २७०० किलो प्रति घनमीटर धरली तर हा एकटा ओटा ४४ किलोचा. पाण्याची टाकी २०० लिटरची, म्हणजे २०० किलो. आणि टपावर जुन्या ट्रिपांच्या वेळचं लोखंडी कॅरियर, ते ६० किलोचं.

टाकीचं तर अजून एक गणित होतं. ती मागच्या अ‍ॅक्सलच्याही एक मीटर मागे बसवली होती, कारण तिथे जागा होती! व्हीलबेस तीन मीटर. पहिल्या वर्षाचं अ‍ॅप्लाइड मेकॅनिक्स आठवा, पुढच्या चाकाभोवती मोमेंट घ्या : २०० गुणिले ४ भागिले ३. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर २०० नाही, २६७ किलो भार, आणि पुढचा अ‍ॅक्सल उलट ६७ किलोने हलका. स्टीअरिंग ‘तरंगतं’ असं काका म्हणायचे ते ह्याच्यामुळे. शिवाय टाकी अर्धी भरलेली असली की वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी डोलते. म्हणून मोठ्या टाकीत आडव्या पट्ट्या लागतात.

मग शस्त्रक्रिया झाली. ओटा गेला, त्याच्या जागी लॅमिनेट लावलेलं प्लायवूड. (आई दोन दिवस बोलली नाही. ग्रॅनाइट आता गॅलरीत तुळशीखाली आहे.) कॅरियर गेलं. टाकी १०० लिटरची केली आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये खाली बसवली. प्लायवूडचं वजन मिळवूनही परत काट्यावर आमच्यासकट ३४९८ आले. काठावर पास, आपल्या एम-थ्रीसारखं.

तेव्हापासून घरात नियम आहे : गाडीत नवी वस्तू चढली की एक जुनी उतरते. कोणी गॅदरिंगला बक्षीस मिळालेली डिनर सेटची पेटी आणली तरी तिला आधी वजनकाटा दाखवायचा.

करंट आणि शेंगदाण्याची चटणी

इलेक्ट्रिकलवाल्यांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल, पण मेकॅनिकलवाल्यांनी नक्की वाचावा, कारण आपल्याला वाटतं वायर म्हणजे वायर.

आमचा एका दिवसाचा खर्च असा आहे. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज ४५ वॉटचा, पण दिवसातून साधारण ४० टक्केच वेळ चालतो : ४३२ वॉट-अवर. दोन पंखे २५ वॉटचे, आठ तास : ४००. चार दिवे पाच वॉटचे, चार तास : ८०. मोबाइल-लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप ३०. बेरीज १०९२. बारा व्होल्टला ९१ अँपिअर-अवर. इन्व्हर्टरची घरगुती ट्युब्युलर बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून ती घ्यायची तर १८० ची लागते, आणि तिचं वजन एखाद्या हडकुळ्या रूममेटएवढं. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२० ची पुरते, वजन पंधरा किलोच्या आत. महाग आहे, पण वजनाचा धडा ताजा असल्यामुळे आम्ही तीच घेतली. टपावर ३०० वॉटचं सोलर पॅनेल. सोलापूरच्या उन्हात पाच तास आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर रोजचे १०५० वॉट-अवर परत येतात. जमाखर्च जवळजवळ बरोबर.

एसी नाही. एक टनाचा एसी किलोवॉटभर खातो, आठ तास चालवायचा तर आमच्या पाच-सहा बॅटऱ्या लागतील. त्यामुळे आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरतो. मेमध्ये गेलो ते फक्त आजीसाठी.

आता चटणी. पहिल्याच ट्रिपला आईने मिक्सर लावला. मिक्सर ७५० वॉटचा. घरी २३० व्होल्टला तो तीन-सव्वातीन अँपिअर घेतो, कोणाला कळतही नाही. पण बॅटरीच्या बाजूला १२ व्होल्टवर हेच ६२ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरून सत्तर! बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत आम्ही टाकली होती ४ चौरस मिलिमीटरची वायर, तीही फ्यूजशिवाय. चटणी अर्धी वाटली गेली आणि सीटखालून धूर. काकांनी टर्मिनल उपटलं म्हणून थोडक्यात निभावलं. आता तिथे ३५ चौरस मिलिमीटरची केबल आहे, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे आणि चटणी घरून डब्यात येते.

बाकी पटपट सांगते. टायर : कॅराव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बारीक चिरा बघायला लागायचं, आणि गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा हलवायची. उजनीकाठी वेडी बाभूळ फार. तिचा काटा चप्पल सोडा, टायरलासुद्धा जुमानत नाही, म्हणून स्टेपनी आणि हवेचा पंप दोन्ही लागतात. छप्पर : सोलर पॅनेलसाठी जी भोकं पाडली तिथलं सीलंट उन्हाने तडकतं. मेच्या शेवटी चढून बघायचं, नाहीतर जूनमध्ये प्लायवूड फुगतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गॅस : एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून जमिनीलगत एक कायम उघडी जाळी पाहिजे, ती ‘धूळ येते’ म्हणून बंद करू नये. आणि शेगडी पेटवली की खिडकी उघडी म्हणजे उघडी, थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावलाय.

पिण्याची टाकी तीन महिन्यांनी धुवायची : १०० लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घातलं की ५० पीपीएम होतं, चार तास ठेवून सगळं काढून टाकायचं आणि साध्या पाण्याने दोनदा खळखळून घ्यायचं. मैल्याची टाकी २० लिटरची, कमोडच्या खालून सुटकेससारखी ओढून निघते. ती घरी आणूनच रिकामी करतो. भांड्यांचं सांडपाणीसुद्धा वेगळ्या कॅनमध्ये जमा होतं. पहिल्यांदा काका म्हणाले, ‘‘एवढं मोठं धरण, बादलीभर पाण्याने काय होतंय?’’ तेव्हा आजी म्हणाली, ‘‘त्येच पानी सोलापुरात आपल्या नळाला येतंय न्हवं?’’ खरंच आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, आणि सोलापूर ते शुद्ध करून पितं. वर कोणीतरी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हटल्यामुळेच काठाचं पाणी हिरवं दिसतं.

काठ कुठे आहे?

आता मुख्य धडा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅनसाठी खास पार्कांची कल्पना आहे. पण आम्ही करमाळा तालुक्यात ज्या काठावर जातो तिथे आम्हाला असा पार्क भेटलेला नाही. तिथे पार्क करायचं म्हणजे कोणाच्या तरी रानात.

आणि काठ तरी एका जागी कुठे असतो! उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६३ मृतसाठा आणि वरचा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. हा वरचा सगळा साठा ४९१.०३ ते ४९६.८३ मीटर ह्या दोन पातळ्यांच्या मध्ये बसतो. म्हणजे फक्त ५.८ मीटर, दोन मजली घराएवढी उंची. १५१७ दशलक्ष घनमीटरला ५.८ ने भागा : सरासरी २६० चौरस किलोमीटर. एवढं पसरट धरण आहे हे! जिथे जमिनीचा उतार दोनशेला एक आहे, तिथे पाणी ५.८ मीटर उतरलं की काठ ११६० मीटर मागे सरकतो. मृतसाठ्याच्याही खाली गेलं की आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात, तेव्हा काठ आणखी लांब जातो.

मागे सरकलेल्या पाण्याने सोडलेली जमीन दिसायला मैदानासारखी सपाट. तिच्यावर कोणी गाळपेर करतं. आणि शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्याच्या मागे-मागे जातात : पाणी शंभर फूट खाली गेलं की पाइप शंभर फूट वाढवायचा, केबल वाढवायची, मोटार पुढे न्यायची. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्यातल्या कितीतरी जणांची उरलेली केळी आणि ऊस ह्याच पाइपवर जगतो. हे सगळं मला आता माहीत आहे. मे २०२३ मध्ये माहीत नव्हतं.

त्या वेळी आम्ही आजीला घेऊन पहिल्यांदा गेलो. जुनं गाव अजून किलोमीटरभर आत होतं. काका खाली उतरले, गाळावर चालून आले, दोनदा टाच आपटून बघितली. ‘‘घट्ट हाय, चला.’’ गाडी चाळीस-पन्नास मीटर गेली आणि मागची चाकं अ‍ॅक्सलपर्यंत आत. रिव्हर्स घेताना एक चाक उसळलं आणि खालून काचेसारखा ‘कट्’ आवाज आला.

काकांची चूक काय झाली ते हिशोबाने बघा. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तळव्याचं क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर जमिनीवर दाब पडतो दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. टायरखाली जमिनीवरचा दाब साधारण टायरमधल्या हवेएवढाच असतो. ५५ पीएसआय म्हणजे ३.९ किलो. दहा पट! वरचा सुकलेला पापुद्रा माणसाला धरतो, खालचा ओला गाळ गाडीला धरत नाही. टाच आपटून फक्त स्वतःची परीक्षा होते, गाडीची नाही.

आणि तो ‘कट्’ म्हणजे गाळात वीतभर खाली गेलेला चार इंची पीव्हीसी पाइप. अर्ध्या तासात मोटारसायकलवर त्या पाइपचे मालक आले. पन्नाशीचे असतील. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ओरडतील असं वाटलं होतं. ते उकिडवे बसले, गाळ हाताने बाजूला केला, फुटलेला तुकडा बघितला.

‘‘पावणं, रातच्याला साडेधाला थ्री फेज येती,’’ ते पप्पांना म्हणाले. ‘‘तीन दिसानं माझी पाळी हाय. तवर जोडला न्हाय तर केळी गेली म्हनायची.’’

संध्याकाळचे सहा वाजले होते. पप्पा त्यांच्या मागे बसून जेऊरला गेले. दुकान बंद होता होता दोन कपलर, पाइपचा तुकडा आणि सोल्युशनचा डबा मिळाला. तोपर्यंत मी आणि काका खड्डा मोठा करत होतो, कारण पाइप जोडायला दोन्ही टोकं थोडी उचलावी लागतात. अंधार पडला. बॅटरीवर व्हॅनचे दिवे लांब वायरने बाहेर काढले. हॅक्सॉने टोकं सरळ कापली. सोल्युशन ओल्यावर धरत नाही, आणि तिथे सगळंच ओलं! आईने आजीची धुतलेली दोन पातळं पुसायला दिली. सव्वानऊला जोड बसला. मामा म्हणाले, ‘‘आता हात लावू नगा कुनी.’’ सगळे बसून राहिलो. साडेदहाला लांब कुठेतरी स्टार्टरचा खटका पडला, पाइप गार होत गेला, जोडावर एक थेंब आला आणि तिथेच थांबला. मामांनी तो बोटाने पुसला, परत आला नाही.

ह्या सगळ्या वेळात आजी व्हॅनमध्ये होती. गाडी मागे कललेली, कमोडचं दार अडकलेलं. जिच्यासाठी हे सगळं बांधलं तिलाच रात्री नऊ वाजता आम्ही दोघींनी धरून बाहेर आडोशाला नेलं. सकाळी मामांच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. (दोर बंपरला नाही, चॅसिसच्या हुकाला. हेसुद्धा मामांनीच सांगितलं.) पप्पांनी पैसे पुढे केले तर म्हणाले, ‘‘पाइप आनलाच की तुमी.’’ जुनं गाव न बघताच आम्ही परतलो. सोलापूर येईपर्यंत आजी खिडकीतून बाहेर बघत होती. एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. १६ मिलिमीटरची सळई घ्या, टोक सपाट घासा. तिचं क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर. घरच्या वजनकाट्यावर दाबून आठ किलोचा जोर हाताला किती लागतो त्याची सवय करा. आठ भागिले दोन, म्हणजे चार किलो दर चौरस सेंटिमीटरला, आपल्या टायरएवढा दाब. जिथे गाडी लावायची तिथे पाच-सहा ठिकाणी सळई तेवढ्याच जोराने दाबा. वितीपेक्षा आत गेली तर गाडी तिथे न्यायची नाही. सिव्हिलवाले ह्याला कोन पेनेट्रोमीटरचा गरीब भाऊ म्हणतील, म्हणू देत. आणि सळई दाबायच्या आधी नजर फिरवायची : वर खांबावर स्टार्टरची पेटी कुठे आहे, खाली पाण्यात मोटार कुठे आहे. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी पाइप आणि केबल असणारच, दिसो न दिसो. ज्याची पेटी आहे त्याला विचारल्याशिवाय सळईसुद्धा रोवायची नाही, खाली केबल असते.

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला, धरण भरलंच नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच मायनसमध्ये गेलं. मेपर्यंत उणे ५० टक्क्यांच्याही खाली. मामांचा फोन आला, ‘‘म्हातारीला घेऊन या, औंदा सगळंच उघडं पडलंय.’’ माझी सीईटी नुकतीच झाली होती. १८ मे, शनिवार. गाडी मामांच्या केळीच्या कडेला मुरमावर लावली, सळई बोटभरसुद्धा आत गेली नाही. पुढचा दीड किलोमीटर आजी मामांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोराने बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर छत्री. पप्पा एका बाजूला, मी एका बाजूला.

घरांची नुसती जोती होती, चिरे-दगड, गाळाने भरलेला एक आड. आजी ट्रॉलीतून उतरली नाही. बसल्या जागेवरून बोटाने दाखवत होती : हे कोणाचं, ते कोणाचं. आमचं घर तिला पटकन सापडलं नाही, दोनदा बदललं. मग पाण्याकडे बघून म्हणाली, ‘‘नदी लई लांब व्हती रं हितनं. हंडा घिऊन येता येता कंबर मोडायची.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘चला, ऊन लागतंय.’’

परत आल्यावर व्हॅनमध्ये ती तीन तास झोपली. पंखा चालू, कमोड चालू, दार नीट उघडत होतं. माझ्या दृष्टीने व्हॅनची टेस्ट त्या दिवशी पास झाली.

पाच वाजता मामांनी बाजूचा मांडव गुंडाळायला लावला. आकाश तर स्वच्छ होतं, पण ते म्हणाले, वळवाचं वारं सांगून येत नाही. पाऊण तासात वारा असा आला की उभी गाडी हलत होती. मंगळवारी, २१ मेला, कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. आम्ही तेव्हा घरी होतो. बातमी बघताना आईने टीव्हीचा आवाज बंद केला. रविवारी काकांना आजीला बोटीतून एक चक्कर मारायची होती, मामांनीच नको म्हटलं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये धरण शंभर टक्के भरलं. मामांनी फोनवर सांगितलं की मोटार वर घेतली, आमचा जोडलेला पाइप काढून गुंडाळून ठेवलाय, आणि गाडी लावलेली मुरमाची जागा पाण्यापासून अजून दीड हात वर आहे.

सध्या मागचे दोन टायर बदलायचे आहेत, त्यांच्यावर २३१९ च लिहिलंय. छताचं सीलंट दिवाळीच्या सुट्टीत. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की आम्ही जाऊ, होस्टेलमधल्या दोघींना नेता येईल, पण दोघींचं वजन आधी कळवावं लागेल. आजी मात्र पक्ष्यांना येणार नाही म्हणते. ‘‘मे मधी बघू,’’ म्हणते, ‘‘पानी कुठवर जातंय त्ये.’’